पुन्हा या

१५ नोव्हेंबर २००५, नेर

यंदा आमचं कापूस खरेदी केंद्र उघडलं नाही. फाटकाला कुलूप आहे. आत वजनकाट्याच्या लोखंडी दांड्याला कुणीतरी शेळी बांधली आहे. मी मुदतीआधीच निवृत्ती घेतली होती, पण हंगामात बोलावतील असं वाटत होतं. बोलावलं नाही.

नोकरीत असताना रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या कापसाबद्दल चार ओळी लिहायचो. ओलावा, धाग्याची लांबी, डाग. ती सवय हाताला आहे. कापूस नाही तर घराबद्दल लिहीन.

घरात तिघं. इंदू, पिंटू आणि मी. प्रेरणा लग्न होऊन अमरावतीला. पिंटूचं खरं नाव मुकुंद, पण ते त्याच्या बी. कॉम.च्या कागदावरच राहिलं. तीन ठिकाणी नोकरी केली, तिन्ही गेल्या. औषधाच्या दुकानात त्यानं एका बाईला सगळ्यांदेखत विचारलं की हे खरजेचं मलम तुमच्यासाठीच का. लॉजच्या काउंटरवर असताना एका बाईचा फोन आला, आमचे साहेब तिथं उतरलेत का. पिंटू म्हणाला, हो, दोघंही वर आहेत. फोनच्या बूथवर तो गर्दी झाली की कानांवर हात ठेवायचा. पहिल्या दोन ठिकाणी तो खरं बोलला. त्यात त्याची चूक मला दिसत नाही. पण नोकरी गेली हेही खरं.

इंदू म्हणते, आपल्यामागं याचं कसं? हे ती भाजी निवडताना म्हणते, कपडे वाळत घालताना म्हणते. उत्तर मागत नाही. मलाच ते द्यावं लागेल.

मेन रोडवरच्या कापडाच्या दुकानाचे मुजफ्फरभाई त्याला ठेवून घ्यायला तयार झाले आहेत. संक्रांतीपर्यंत पाहू म्हणाले.

१८ नोव्हेंबर

तीन दिवस ओसरीत सराव चालू आहे. मी गिऱ्हाईक होतो, पिंटू दुकानदार. मी त्याला चार वाक्यं ठरवून दिली. या, बसा. काय दाखवू? घरच्यांना विचारून ठरवा, घाई नाही. आणि गिऱ्हाईक पायरी उतरताना हात जोडून, पुन्हा या.

पिंटूनं विचारलं, प्रत्येकाला? मी म्हटलं, प्रत्येकाला. काही घेतलं नाही तरी? तरी. अपवाद नाही.

इंदू आतून म्हणाली, "अपवाद असते जी."

मी म्हटलं, एक सांग. ती दारात येऊन उभी राहिली. विचार केला. मग म्हणाली, "आता कसं सांगू? वेळेवर समजते."

वेळेवर समजते हा काही नियम झाला नाही. पिंटूचाही गोंधळ झाला. मी त्याला सांगितलं, चारच वाक्यं, सगळ्यांना सारखी. त्याचा चेहरा मोकळा झाला.

२१ नोव्हेंबर

पहिला दिवस. संध्याकाळी मुजफ्फरभाई स्वतः हसत हसत सोबत आले. त्यांनी पिंटूला सांगितलं होतं, चल, आता दुकान वाढव. पिंटूनं आतले तागे बाहेर आणून मांडायला सुरुवात केली. रस्त्यापर्यंत मांडले. शेजारच्या टेलरनं विचारलं, काय सेल लावला काय. मुजफ्फरभाईंना हसून खोकला आला.

मी पिंटूला सांगितलं, दुकान वाढवणे म्हणजे बंद करणे. बंद हा शब्द अशुभ, म्हणून उलट बोलतात. त्यानं विचारलं, दुकान रोज बंद होतं, मग त्यात अशुभ काय? लोक असं बोलतात, एवढंच मी सांगितलं.

इंदूनं मुजफ्फरभाईंना चहा दिला, त्यांच्या अम्मीच्या गुडघ्याची चौकशी केली, दुकानाचा धंदा कसा आहे विचारलं. ते बराच वेळ बसले. इंदूला अशा गोष्टी सुचतात.

२९ नोव्हेंबर

काल बाजाराचा दिवस. दुकानात चार बायका एकदम बोलत होत्या आणि रस्त्यावर लाउडस्पीकर. पिंटू टेबलाखाली बसला. मुजफ्फरभाईंनी तो वाकून काही शोधतो आहे असं सांगून वेळ निभावली. मी पिंटूला म्हटलं, सवय होईल. तो म्हणाला, बाबा, सगळे आवाज सारखेच मोठे येतात. कुठला माझ्यासाठी आहे ते कळत नाही.

मी म्हटलं, माझंही लग्नाच्या मांडवात तसंच होतं. मी बाहेर जाऊन उभा राहतो. त्यात काय मोठं.

५ डिसेंबर, यवतमाळ

महिन्याच्या पहिल्या सोमवारी नागपूरचे एक मानसतज्ज्ञ इथं येतात. इंदूनं प्रेरणाकरवी नंबर लावला होता. तिची इच्छा, म्हणून गेलो.

डॉक्टर तरुण आहेत. पिंटूशी बराच वेळ बोलले. मग आम्हाला आत बोलावलं. त्यांनी एक नाव सांगितलं, अ‍ॅस्पर्जर. आजार नव्हे म्हणाले, मनाची एक घडण आहे, बुद्धीत काही उणं नाही. पण काही कामं अशा माणसाला फार जड जातात. जिथं एका वेळी चौघं बोलतात. जिथं समोरच्याच्या तोंडाकडं पाहून काय बोलायचं ते तिथल्या तिथं ठरवावं लागतं. दुकानाचा गल्ला, हॉटेल, चौकशीची खिडकी, फोन, एस. टी.ची कंडक्टरी.

मी म्हटलं, मग उरलं काय? नेरमध्ये याच नोकऱ्या आहेत.

त्यांनी मलाच विचारलं, तुम्ही काय काम केलं? मी सांगितलं, कापसाची प्रतवारी. ते काम कसं वाटायचं? चांगलं वाटायचं. कापूस हातात घेऊन पाहायचा, धागा ओढायचा, प्रत सांगायची, पुढची गाडी. बोलायला लागत नाही. शेतकऱ्यांशी कसं जमायचं? मी खरं ते सांगितलं. पुष्कळजण म्हणायचे, ग्रेडरसाहेब, जरा पाहून घ्या. मी पुन्हा पाहायचो. नीट, ढिगाच्या आतून दुसरी मूठ काढून. प्रत तीच यायची. तरी ते रागावून जायचे. ते का, हे मला कधी कळलं नाही.

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. इंदू खिडकीबाहेर पाहत होती. मग डॉक्टर म्हणाले, पुढच्या खेपेला तुम्ही एकटे आलात तरी चालेल, तुमच्याशी बोलायचं आहे. मी म्हटलं, मला काही झालेलं नाही.

परत येताना बसमध्ये इंदूला म्हटलं, डॉक्टरांनी पेशंट सोडून माझीच चौकशी केली. ती म्हणाली, "हो जी." आणि माझ्या हातावर हात ठेवला. का ते माहीत नाही.

पिंटूला दुकानातून काढायचं नाही असं मी ठरवलं आहे. सरावानं सगळं जमतं.

१३ डिसेंबर

आमच्या केंद्रावरचे तोलणारे विठ्ठलराव गेले. आज त्यांच्या घरी बसायला गेलो होतो. निघताना मी हात जोडले आणि तोंड उघडणार तोच इंदूनं माझी बाही ओढली. इतकी की खांद्याची शिलाई उसवली. नवा सदरा. बाहेर येऊन मी तिला म्हटलं, हे काय? ती म्हणाली, "चला, उशीर झाला." उशीर झालेला नव्हता.

तिची ही जुनी खोड आहे. लग्नाच्या घरी करत नाही, बारशाला करत नाही. अशाच ठिकाणी करते. बहुधा तिला अशा घरात जीव घुसमटल्यासारखं होत असेल.

२० डिसेंबर

दुकान बरं चाललं आहे. म्हणजे पिंटूचं. धंदा मंद आहे. कापसाला भाव नाही तर लुगडी कोण घेणार. मुजफ्फरभाई म्हणाले, "साहेब, यंदा रंगीत कापड पडून हाये. पांढरं कोरं तेवढं जाऊन राह्यलं." मी म्हटलं, मग पांढरं जास्त मागवा. ते माझ्याकडं पाहत राहिले. मग म्हणाले, "मागवतो."

पिंटू मयतीचं कापड द्यायला शिकला आहे. त्याला कात्री लावत नाहीत. कडेला दातानं चीर द्यायची आणि हातानं फाडायचं. घडी घालायची नाही, गुंडाळून द्यायचं. भाव करायचा नाही. फाडण्याचा आवाज त्याला सोसत नाही, तो दात आवळून फाडतो. पण रेघ सरळ येते. मुजफ्फरभाईंच्या अम्मी जैबुनबी मागच्या दारात खाटेवर बसलेल्या असतात. त्या म्हणाल्या, पोट्ट्याचा हात साफ आहे.

चार वाक्यं तो चुकत नाही. मी रस्त्याच्या पलीकडं उभा राहून पाहिलं. प्रत्येक गिऱ्हाइकामागं हात जोडून उभा. गिऱ्हाईक वळून पाहतं, कधी हसतं. काम जमलं.

२७ डिसेंबर

प्रेरणाचे दिवस भरत आले आहेत, डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितलं आहे. इंदू सकाळच्या गाडीनं अमरावतीला गेली. किती दिवस ते सांगता येत नाही.

जाताना तिनं शेजारच्या सुखीबाईंना काहीतरी सांगितलं असावं. दुपारी त्या कुंपणाशी येऊन म्हणाल्या, "जेवले काय जी?" मी म्हटलं, नाही. त्या भाजी-भाकरी घेऊन आल्या. मी सांगितलं, आमचा स्वयंपाक झालेला आहे, अजून जेवलो नाही एवढंच. ताट परत नेलं त्यांनी. संध्याकाळी कुंपणाशी आल्या नाहीत.

घर शांत आहे. पिंटू आणि मी, आम्हाला ते जड जात नाही. पण दिवसभरात कुणी आलं नाही, हे दिवे लावताना लक्षात आलं. इंदू असते तेव्हा कुणी ना कुणी असतं.

६ जानेवारी २००६

दुपारी मुजफ्फरभाईंनी पिंटूला गाडीवर बसवून घरी आणलं. त्याच्या डाव्या गालावर बोटं उमटलेली होती. तो सरळ आत गेला आणि धान्याच्या कोठीमागं बसला.

झालं ते असं. पिंपळगावचे उकंडा नावाचे शेतकरी दुकानात आले. सोबत पुतण्या फुलचंद. उकंडांचा धाकटा मुलगा सकाळी गेला. मुजफ्फरभाई एवढंच म्हणाले, फवारणीचं औषध होतं. पुढं मी विचारलं नाही. पिंटूनं कापड फाडलं, सरळ फाडलं. गुंडाळून दिलं. भाव केला नाही. सगळं शिकवल्याप्रमाणं. उकंडा कापड छातीशी धरून पायरी उतरले. पिंटूनं हात जोडले आणि म्हणाला, पुन्हा या.

उकंडा पायरीवर थांबले. वळले नाहीत. फुलचंदनं परत वर येऊन पिंटूच्या तोंडात मारली.

मी मुजफ्फरभाईंना विचारलं, तो मोठ्यानं बोलला का? नाही. हसला का? नाही. मग मारलं कशासाठी? वाक्य मीच शिकवलं आहे, त्यात काही वावगं नाही.

ते गाडीवर बसता बसता थांबले.

"साहेब, तुमाले खरंच नाही समजलं काय?"

मी म्हटलं, नाही.

त्यांनी रुमालानं तोंड पुसलं. सध्या पोट्ट्याला पाठवू नका म्हणाले आणि गाडी सुरू केली.

८ जानेवारी

पिंटू बोलत नाही.

१० जानेवारी

सकाळी भाजी आणायला गेलो तर चौकातल्या पानठेल्यावरून कुणीतरी म्हणालं, "साहेब, पुन्हा या." सगळे हसले. मी मागं वळून म्हटलं, उद्या येतो. आणखी हसले. लोक म्हणतात, त्या दुकानात मयतीचं कापड घेतलं की ते दुसऱ्या मयतीचं आवतण देतात. हे मला भाजीवालीनं सांगितलं. तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

दुपारी पोस्टाजवळच्या बूथवरून प्रेरणाच्या सासरी फोन लावला. इंदूला सगळं सांगितलं. पलीकडून आवाज येईना. मला वाटलं फोन तुटला.

मग ती म्हणाली, "अजी, मयतीचं कापड घ्यायला पुन्हा या, असं म्हणल्यावर त्याचा काय अर्थ होते?"

मी बूथमध्ये उभा होतो. समोरच्या काचेवर दरपत्रक चिकटवलेलं होतं. मी ते वाचत होतो आणि वाचत असतानाच मला अर्थ लागला.

ती म्हणाली, "त्याइले अजून एक पोरगा हाये."

मी म्हटलं, तुला अपवाद विचारला होता. तेव्हा का सांगितला नाहीस? ती म्हणाली, तेव्हा सुचला नाही, ते सुचत नसतं, तिथं उभं राहिलं की तोंडच उघडत नाही. मी म्हटलं, पिंटूचं उघडलं. ती म्हणाली, "हो. तुम्ही शिकवलं म्हणून."

हे तिनं रागानं म्हटलं नाही. मला मात्र बूथमधून बाहेर यायला जमेना. मागं माणसं खोळंबली होती.

शेवटी ती म्हणाली, पिंटूला घेऊन उकंडांच्या घरी बसून या. मी विचारलं, काय बोलायचं? "काहीच नाही. बसा अन् उठा." माफी मागायची का? "बोलूच नोका काही. मी नाही तिथं. म्हणून म्हणतो, तोंडच उघडू नोका."

पिंटूला सांगितलं. पाच दिवसांत तो पहिलं वाक्य बोलला. तिथं मला काय म्हणायचं आहे? मी म्हटलं, काही नाही. तो तयार झाला.

१२ जानेवारी

सकाळच्या बसनं पिंपळगावला गेलो. फाट्यावर उतरून पायी. दोन्ही बाजूंना उभी पऱ्हाटी. झाडावर राहिलेला कापूस डागी झाला आहे, आमच्याकडं त्याला कवडी म्हणतात. वेचायलाही परवडत नसेल.

उकंडांची ओसरी. सतरंजीवर माणसं बसलेली. फुलचंद भिंतीला टेकून होता. पिंटूला पाहून तो उठला. उकंडांनी हातानंच त्याला खाली बसवलं. आम्ही बसलो.

कुणी बोलत नव्हतं. खरं लिहायचं तर मला ते बसणं बरं वाटलं. कुणाला काही उत्तर द्यायचं नव्हतं. शेजारच्या खोलीत कापसाचा ढीग होता, छपरापर्यंत. विकायला नेलेला नव्हता. ढीग दारातून ओसरीत उतरला होता, माझ्या गुडघ्यापर्यंत. माझा हात त्यात कधी गेला ते मला कळलं नाही. मी मूठ काढली, धागा दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून ओढला.

वर पाहिलं तर सगळे माझ्याकडं पाहत होते.

उकंडा म्हणाले, "ग्रेडरसाहेब ना तुम्ही?"

मी मान हलवली. इंदूनं बोलू नको म्हटलं होतं.

"कसा हाये?"

हा प्रश्न होता. कापसाबद्दल होता. मी म्हटलं, "चांगला आहे. धागा लांब आहे. वेचणी स्वच्छ आहे."

"त्यानंच येचला," उकंडा म्हणाले.

आत कुणी बाई रडायला लागली. मी मूठ परत ढिगावर ठेवली. उकंडा सतरंजीकडं पाहून बोलत होते, सावकाश. तुम्ही माझा कापूस एकदा पाहिला होता, म्हणाले. मी तुम्हाला म्हटलं होतं, पाहून घ्या साहेब. लोकांना वाटलं तुम्ही काही मागाल. तुम्ही खाली बसले अन् खरंच पुन्हा पाहिला. धाकटा सोबत होता. घरी येऊन तो तुमची नक्कल करायचा. आम्ही लय हसलो होतो.

पुन्हा सगळे गप्प झाले.

मग उठायची वेळ झाली असं वाटलं. पिंटू आधीच उठला होता. त्यानं कुणाकडं पाहिलं नाही, हात जोडले नाहीत. सरळ अंगणात गेला आणि चपला घालून फाटकाशी पाठमोरा उभा राहिला. मला त्याची लाज वाटली. कुणाच्या घरून असं उठून जातात का. निदान मी तरी रीत पाळावी म्हणून हात जोडले आणि म्हटलं, "येतो."

ओसरीत कुणीतरी श्वास आत घेतला. फुलचंद पुन्हा अर्धा उठला. आतलं रडणं थांबलं. माझ्या बाहीवर कुणाचा हात नव्हता.

उकंडांनी फाटकाकडं पाहिलं. मग माझ्याकडं. पुष्कळ वेळ.

"बापच होय याचा," ते म्हणाले.

मी म्हटलं, "हो. मीच त्याचा बाप."

फाट्यापर्यंत चालत आलो. बस यायची होती. मी पिंटूला म्हटलं, न सांगता उठून आलास, चांगलं दिसलं नाही. तो रस्त्याकडं पाहत म्हणाला,

"बाबा, तिथं येतो म्हणायचं नसतं."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मी काढलं. मयतीच्या गिऱ्हाइकाला पुन्हा या म्हणायचं नसतं. मग मयतीच्या घरून निघताना येतो पण म्हणायचं नसणार. एकच आहे ते. इकडून अन् तिकडून."

लांबून बस दिसली. तो म्हणाला, "म्हणून तर आई तुमची बाही ओढते."

बस आली. पिंटूला खिडकी मिळाली, मला मागं दांड्याजवळ उभं राहावं लागलं. विठ्ठलरावांचं घर. त्याआधी माझ्या काकांचं. इंदूच्या माहेरी तिची आई गेली तेव्हा. तिथंही तिनं रडत रडत एका हातानं माझी बाही धरली होती. मला वाटलं होतं, आधारासाठी.

उसवलेली शिलाई अजून तशीच आहे.

१९ जानेवारी

संक्रांत होऊन गेली. मुजफ्फरभाईंची मुदतही. परवा त्यांनी पिंटूला निरोप पाठवला, लगेच ये. मी सोबत गेलो पण आत गेलो नाही, पलीकडं उभा राहिलो.

उकंडा आले होते. तेरवीसाठी टोप्या आणि दुपट्टे घ्यायचे होते. ते दुसऱ्या दुकानात जातील असंच सगळ्यांना वाटलं होतं. त्यांनी मुजफ्फरभाईंना विचारलं, तो पोट्टा कुठं आहे, त्याला बोलवा. पिंटू येईपर्यंत पायरीवर बसून राहिले. रस्त्यावरची माणसं पाहत होती. पानठेल्यावरची पोरंही.

पिंटूनं माप घेतलं, कात्री लावली. हे मयतीचं कापड नव्हतं, याला कात्री चालते. घडी घालून दिलं. उकंडा पायरी उतरले. पिंटूनं ओठ आवळले आणि दोन्ही हात मागं बांधून घेतले. मला पलीकडूनही दिसलं की त्याला ते जड जात आहे.

उकंडा खाली उतरून थांबले. वळले. म्हणाले, "येतो बापा."

आणि बसस्टँडकडं गेले.

पानठेल्यावर कुणी हसलं नाही.

घरी आल्यावर पिंटूनं विचारलं, ते येतो असं कशाला म्हणाले? तेरवी अजून व्हायची आहे. तिथं म्हणायचं नसतं ना? मग मी काय म्हणायला पाहिजे होतं?

मी म्हटलं, मला माहीत नाही.

असं मी त्याला याआधी कधी म्हटल्याचं आठवत नाही. त्यानं माझ्याकडं पाहिलं. सहसा तो पाहत नाही.

२४ जानेवारी

मुजफ्फरभाई बोलायला आले. स्पष्ट बोलले, मला ते सोपं गेलं. काउंटर जमणार नाही. त्याला सोसत नाही अन् दुकानालाही नाही. मागच्या खोलीत तागे उतरवणं, रंगवार लावणं, मालातला दोष पाहणं, एवढं त्यानं करावं. अर्धा दिवस. "पगारही अर्धाच जमते साहेब. धंद्याचं तुम्ही पाहूनच राह्यले."

मी "जरा पुन्हा पाहून घ्या" म्हणणार होतो. म्हटलं नाही.

अर्ध्या दिवसाच्या कामावर माणूस आयुष्य काढू शकत नाही. दुकान तरी किती वर्षं चालेल. इंदूच्या प्रश्नाला हे उत्तर नव्हे. पिंटूला विचारलं तेव्हा त्यानं एकच विचारलं, तिथं कोण कोण बोलेल? मी म्हटलं, जैबुनबी. तो म्हणाला, त्या एकट्याच बोलतात, चालेल.

मी त्याला उभं केलं होतं तिथं त्यानं उभं राहू नये हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. तरी मी चार वाक्यांच्या भरवशावर त्याला तिथंच उभं ठेवलं. माझी स्वतःचीही वाक्यं तेवढीच आहेत. बाकीची इंदू बोलत आली.

३ फेब्रुवारी

इंदू आली. सोबत प्रेरणा आणि तिची दहा दिवसांची मुलगी. बाळ रडलं की पिंटू मागच्या दारात जाऊन उभा राहतो. मीही. आज दोघं तिथं एकदम भेटलो.

सुखीबाई बाळ पाहायला आल्या. मला पाहून दारातच थबकल्या. मी म्हटलं, त्या दिवशीचं ताट मी परत न्यायला लावलं, ते चुकलं. त्या म्हणाल्या, "कायचं ताट जी?" त्या विसरल्या होत्या की तसं म्हणायची रीत आहे, ते कळलं नाही. इंदूला नंतर विचारलं. ती म्हणाली, दोन्ही.

संध्याकाळी ती सदऱ्याची बाही शिवत बसली. मी विचारलं, केव्हापासून ओढतेस? तिनं दोरा दातानं तोडला.

"लग्न झालं त्या साली तुमचे आबाजी वारले. तेव्हापासून."

"सांगितलं का नाहीस?"

"सांगतलं असतं तर तुम्ही मले नियम विचारला असता," ती म्हणाली. "बाही ओढणं सोपं होतं."

६ फेब्रुवारी

महिन्याचा पहिला सोमवार. पिंटू दुकानात जायला निघाला आणि मी यवतमाळच्या बसला. एकटाच. इंदू येते म्हणाली, मी नको म्हटलं. बाळाला कोण पाहणार. शिवाय डॉक्टरांनी मला एकट्याला बोलावलं होतं.

दाराशी आम्ही दोघं चपला घालत होतो. घरात बाळ झोपलेलं, प्रेरणा झोपलेली. इंदू चुलीपाशी. मी तिच्याकडं तोंड करून हात जोडायला लागलो आणि थांबलो. शिवलेली बाही खांद्याला थोडी आवळते.

मी पिंटूला हळूच विचारलं, "इथं म्हणायचं असतं ना?"

त्यानं घरात पाहिलं. बाळाकडं, आईकडं. नीट विचार केला.

"इथं म्हणा," तो म्हणाला.

आम्ही दोघांनी म्हटलं.